वाळलेली कणीक

“मग सोडूनच देऊ का, बुवा?”

सिदोबुवा मठाच्या ओसरीवर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

“काय सोडतूस?”

“पखवाज.”

शेंगा फोडायचा आवाज थांबला. मी कोपऱ्यात टाळांच्या दोऱ्या बदलत होतो, माझाही हात थांबला.

निवास जगदाळे नोकरी सोडायचं विचारायला आला असेल, असं मी धरून चाललो होतो. गेले काही महिने नोकरीशिवाय त्याच्या तोंडी दुसरं काही नव्हतं. तो तालुक्याच्या बसस्थानकात वाहतूक नियंत्रक. एखादी गाडी बंद पडली, कोणी चालक आलाच नाही, प्रवासी खिडकीवर धावून आले, की सगळं याच्याच डोक्यावर. आणि याला ते आवडायचंही. मी एक दिवस रजेवर गेलो तर स्टँडची काय दशा होते बघा, असं तो कौतुकानं सांगायचा, स्वतःच्याच.

मठात मात्र तो बुवांचा शिष्य. बुवांच्या हाताखाली शिकलेल्यांत त्याच्याइतकं वाजवणारा कोणी नाही. हे आम्हाला माहीत होतं, त्यालाही माहीत होतं, आणि आम्ही ते विसरू नये याची काळजी तो घ्यायचा.

आता तो पखवाज कापडी गवसणीसकट मांडीशी घेऊन बसला होता. हा पखवाज बुवांच्या गुरूंचा. बुवांची बोटं वाकायला लागली तेव्हा उत्सवात, सगळ्यांसमोर, त्यांनी तो निवासच्या ओंजळीत दिला होता. त्या दिवशी निवास रडला होता. आज तो परत करायला आला होता.

“कशापायी सोडायचा?” बुवांनी विचारलं.

“डॉक्टर म्हणाले, ताण फार झालाय. रक्तदाब वाढलाय, झोप लागत नाही. म्हणाले, डोक्यावरचं काहीतरी कमी करा.”

“मग?”

“मग मी नीट बसून विचार केला. नोकरी सोडता येत नाही. घर सोडता येत नाही. म्हाताऱ्या आईला सोडता येत नाही. राहिला हा.”

हिशेब चोख होता. असे चोख हिशेब मी पुष्कळ ऐकलेत. माणूस बुडायला लागला की हातातली पहिली वस्तू सोडतो, आणि नेमकी तीच तरंगणारी असते. पण मला कोणी विचारलं नव्हतं.

बुवांनी दाण्यांवरचं फोलपट फुंकलं.

“बरं. ठिव तिथं.”



“ठेवू?”

“सोडायचा म्हनलास न्हवं? मग ठिव की.”

“एवढंच?”

“आनखी काय पायजे? पेढं वाटू?”

मला हसू आलं, ते मी दोरीच्या गाठीत लपवलं. बुवा समजूत घालतील, निदान डोळ्यांत पाणी आणतील, आपण जरा आढेवेढे घेऊ आणि शेवटी मान तुकवू, अशी निवासची तयारी होती. घरून निघतानाच त्यानं सगळी भाषणं जमवून आणली असणार. त्यातलं एकही कामाला आलं नाही.

त्यानं पखवाज बुवांपुढे सरकवला. चेहरा तोंडात मारल्यासारखा.

बुवांनी हात झटकले. वाद्य परत घेताना बघून घ्यायचं असतं, ही मठाची रीतच आहे. त्यांनी गवसणीची नाडी सोडली आणि कापड मागे सरकवलं.

आंबूस वास आला.

डाव्या तोंडावर कणीक तशीच होती. वाळून दगड झालेली. मधोमध भेग पडली होती आणि तिच्यातून मुंग्या ये-जा करत होत्या.

…

पखवाज न वाजवणाऱ्यांसाठी सांगतो. पखवाजाच्या उजव्या तोंडावर शाई असते, ती कायमची. डाव्या तोंडावर वाजवायच्या वेळी ओली कणीक लावतात. कणकेशिवाय डावं तोंड नुसतं वाजतं, घुमत नाही. आणि वाजवून झालं की ती कणीक ओली असतानाच काढायची, कातडं पुसायचं, मगच गवसणी घालायची. नाहीतर कणीक वाळते, कातडं ओढून धरते आणि एक दिवस फाडते. पहिल्या दिवशी पहिला बोल शिकवायच्या आधी हे शिकवतात. निवासनं स्वतः गावातल्या निम्म्या पोरांना हे शिकवलं होतं, एखाद्यानं आळस केला तर त्याच्या पाठीत धपाटाही घातला होता.

 बुवांच्या गुरूंचा पखवाज तो.

बुवा रागावले नाहीत. त्यांनी बोटानं भेग चाचपली.

“कवाची ही?”

निवासची नजर जमिनीवर.

“गेल्या… गेल्या रविवारची.”

“काढली का न्हाईस?”

“परत लागणारच होती.”

“आँ?”

“म्हणजे, दुसऱ्या दिवशी परत बसायचंच होतं रियाजाला. म्हटलं, काढायची, धुवायची, परत मळायची, परत लावायची. त्यापेक्षा राहू दे लावलेली. तयारच राहील.” त्याचा आवाज जरा वर चढला. “आणि वेळ कुठं असतो, बुवा? मला विचारा वेळ म्हणजे काय ते.”

बुवांनी मान हलवली. त्यांना पटलंच जणू.

“खरं हाय. परत लागनारच की.”

ते गुडघ्यावर हात देऊन उठले आणि आत गेले. स्वयंपाकघरात डबा उघडल्याचा, मग पाणी ओतल्याचा आवाज आला. बाहेर आले तेव्हा हातात ताटली आणि ताटलीत ताज्या कणकेचा गोळा.

“वाजीव.”

“आता?”

“जाता जाता एकदा. मग पुन्यांदा कशाला हात लागतोय तुजा.”

हे ऐकून निवास हलला. त्यानं पखवाज ओढून पुढ्यात घेतला, मुंग्या फुंकून लावल्या आणि नखानं वाळकी कणीक खरवडायला गेला.

“हां हां. राहू दे ती.”

“जुनी काढायला नको?”

“कशाला? तुला येळ न्हाई. वरनंच लाव.”

निवासनं माझ्याकडे पाहिलं. मी टाळाकडे पाहिलं. सिदोबुवांच्या तोंडून असं काही मी उभ्या आयुष्यात ऐकलं नव्हतं. वरून लाव म्हणणाऱ्याला त्यांनी मठाच्या पायऱ्या उतरायला लावल्या असत्या.

“बुवा, चेष्टा करताय का?”

“लाव म्हनतो ना.”

त्यानं लावली. वाळक्या कणकेवर ओली कणीक थापली, कडा अंगठ्यानं दाबल्या. सवयीनं हात सुबकच चालला. मग दोन्ही हात वर उचलले, डोळे मिटले आणि धा मारला.

ढप.

उजवी बाजू टणकन बोलली. डावीकडून ओल्या पोत्यावर काठी मारावी तसा आवाज आला.

“कमी पडली आसंल,” बुवा म्हणाले. “आनखी लाव.”

“बुवा…”

“लाव.”

त्यानं आणखी लावली. या वेळी आवाज त्याहून बसका. बुवांनी ताटली पुढे केली. त्यानं उरलेली सगळी थापली. डाव्या तोंडावर भाकरीएवढा जाड थर झाला, एका कडेनं ओघळून खाली लोंबायला लागला. त्यानं पंजा मारला आणि आवाजच आला नाही. नुसता चिकट पंजा उचलल्याचा चर्र असा घाणेरडा आवाज.

“आनखी मळून आनू?” बुवांनी अगदी आपुलकीनं विचारलं.

आणि निवास भडकला. इतक्या वर्षांत बुवांवर आवाज चढवताना मी त्याला पहिल्यांदा पाहिलं.

“अहो, आणखी लावून काय होणार? आत जुनी तशीच वाळून बसलीय! ती असताना नवी धरणार कशी? कातडं हलायलाच जागा नाही! नव्या कणकेचा काय दोष यात? तुम्हीच शिकवलंय ना हे? बुवा, तुम्हीच…”

तो थांबला.

…

बुवांनी पुन्हा एक शेंग उचलली.

निवासचे दोन्ही हात हवेतच राहिले होते, कणकेनं भरलेले. आवारातल्या कडुनिंबावर एक पोपट कुणाच्या तरी नावानं शंख करत होता. 

“आता काय करू?” निवासनं विचारलं. आवाज खाली आला होता.

“काय करत्यात?”

“काढायची.”

“खरवडून?”

“नाही. कातडं फाटेल. ओला फडका ठेवायचा. आपोआप सुटेपर्यंत थांबायचं.”

“तुला येतंय की सगळं.”

निवासनं वरची ओली कणीक हातानं काढून ताटलीत घेतली. मी फडका भिजवून दिला. तो त्यानं वाळक्या थरावर पसरला, वर तळहात ठेवला आणि बसला.

ओल्या फडक्याला घाई नसते. निवासला मात्र होती. दर थोड्या वेळानं तो फडका उचलून बघायचा. एक पाय हलत होता. मानेची शीर उडत होती, ती मला लांबूनही दिसत होती. बसस्थानकात चार गाड्या एकदम सांभाळणारा माणूस, पण एका फडक्यावर हात ठेवून बसणं त्याला सोसत नव्हतं.

खिशातला फोन वाजला. त्यानं नाव बघितलं आणि बुवांकडे पाहिलं.

“डेपोतनं आहे. नाही घेत.”

“का? घे की. त्येंचा खोळंबा व्हईल.”

“फडका…”

बुवा पुढे सरकले. त्यांनी स्वतःची वाकडी बोटं फडक्यावर ठेवली आणि निवासचा हात हलकेच बाजूला केला.

निवास ओसरीच्या टोकाला जाऊन बोलला. घाटात एक गाडी बंद पडली होती, आत लग्नाचं वऱ्हाड होतं. आणि खरं सांगायचं तर त्याचं बोलणं ऐकत राहावं असं होतं. मागची गाडी कुठवर आली, तिच्यात जागा किती, वऱ्हाडातल्या म्हाताऱ्यांना आधी बसवा, घाटातल्या हॉटेलवाल्याला माझं नाव सांगून पाणी द्यायला लावा. एकदाही चिडला नाही. त्या पलीकडच्या माणसाचा जीव भांड्यात पडल्याचं इथवर कळलं. बुवाही ऐकत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर कौतुक होतं. शिष्यानं अवघड जागा बरोबर घेतली की ते असेच बघायचे.

“ब्येस,” निवास परत आल्यावर ते म्हणाले.

निवास खाली बसला, त्यानं फडक्यावर हात ठेवला आणि सुरू झाला. गाडी घाटात न्यायच्या आधी बघायला नको का? मी सकाळीच म्हटलं होतं की ही गाडी लांब पाठवू नका. माझं ऐकतं कोण? उद्या हेच वरचे लोक मला विचारणार. आणि समजा, मागची गाडीपण बंद पडली तर? समजा, त्या वऱ्हाडातल्या कुणाला काही झालं तर? नाव कुणाचं येणार? माझंच. बोलता बोलता मघाची मानेची शीर पुन्हा उडायला लागली. तळव्याखालचा फडका त्यानं मुठीत कधी आवळला ते त्याला समजलंही नाही.

बुवांनी त्याला पुरतं बोलू दिलं.

“निवास.”

“हां?”

“फोन ठिवलास न्हवं?”

“मघाशीच ठेवला की.”

“मग हे कुनाला सांगतूस?”

…

निवासनं मुठीकडे पाहिलं. पिळलेला फडका हळूच सोडला, पुन्हा पसरला. या वेळी त्यानं तो उचलून बघितला नाही.

काही वेळानं बुवांनी विचारलं, दाणे चघळत, सहज, “रविवारी उठलास कशापायी? कनीक काढायच्या आधीच?”

निवासनं फडक्याची कडा सरळ केली.

“फोन आलता?”

“हो.”

“आन् मग?”

मला वाटलं, तो टाळणार. पण फडक्यावर हात ठेवून बसलेल्या माणसाला पळायला जागा नसते.

“रियाजाला बसलो होतो,” तो म्हणाला. “खूप दिवसांनी हात चांगला चालला होता. तेवढ्यात डेपोतून फोन. दोन चालक आलेच नव्हते, सुट्टीची गर्दी, लोक ऑफिसात घुसलेले. मी फोनवरच ओरडून ओरडून सगळं लावलं. फोन ठेवला. आणि मागं ऋतुजा उभी होती.”

ऋतुजा त्याची मुलगी. शाळेत जाणारी, गोड गळ्याची. उत्सवात मठात दरवर्षी एक अभंग म्हणायची आणि संपला की लाजून आईच्या मागे लपायची.

“तिला शाळेत गाणं म्हणायचं होतं. म्हणाली, बाबा, तुम्ही वाजवाल का माझ्याबरोबर? मी… मी काहीतरी बोललो तिला.”

“काय बोललास?”

“सोडा हो बुवा.”

“काय बोललास, निवास?”

निवासनं फडका तळव्याखाली दाबला.

“मागं व्हा म्हणालो. मागं व्हा, मागं व्हा सगळे. माइकवर म्हणतो ना गर्दीला, तसं. तेवढ्याच आवाजात.”

“किती जनं हुती तिथं?”

“एकटी ऋतुजा.”

…

पोपट कधीच उडून गेला होता. मी हातातला टाळ खाली ठेवला, वाजू नये म्हणून दोन्ही हातांनी धरून.

“ती रडली असती तर बरं झालं असतं, बुवा. रडली नाही. खरंच मागं सरकली. भिंतीला टेकेपर्यंत. आणि तेव्हापासून…”  बोलताना निवासची शहरातली भाषा सुटली आणि गावाकडची वर आली. “तवापासनं मी घरात शिरलो की पोरगी वाट सोडती. गाडी आल्यावर मानसं बाजूला व्हत्यात न्हवं, तशी. बोलती, पन विचारलं तेवढंच. हो बाबा, नाही बाबा. आन् गानं तर… माझी चप्पल वाजली की घरातलं गानं बंद हुतंय. मी बाहेर उभं राहून ऐकलंय. मी दार उघडलं की बंद. मला माझीच भीती वाटाय लागलीय, बुवा.”

त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्याला ते पुसता येत नव्हतं, हात कणकेचे होते. बुवांनी स्वतःच्या उपरण्याचं टोक पुढे केलं. त्यानं तान्ह्या पोरासारखा त्यात तोंड खुपसून चेहरा पुसला.

मलाही भरून आलं. कबूल करायला लाज कसली.

 थोडा वेळ गेल्यावर बुवांनी फडक्याकडे बोट केलं.

“बघ आता.”

निवासनं फडका उचलला. वाळकी कणीक खालपर्यंत मऊ झाली होती. त्यानं कडेला अंगठा घातला आणि अख्खा थर सुटून आला, तव्यावरून उतरणाऱ्या पोळीसारखा अलगद. त्यानं दुसऱ्या ओल्या कापडानं कातडं पुसलं, मग कोरड्यानं पुसलं, मग उजेडाकडे धरून निरखलं. कातड्याला भेग गेली नव्हती. जरा काळवंडलं होतं, इतकंच.

“वाचला,” तो म्हणाला आणि हसला. त्या दुपारचं त्याचं ते पहिलं हसू.

तो रांजणाकडे जाऊन हात धुऊन आला. परत येताना त्याची चाल बदललेली होती. खांदे मागे गेलेले, पावलं ठाम. निवास जगदाळे पुन्हा ड्युटीवर हजर झाला होता.

“समजलं बुवा मला.”

“काय समजलं?”

“सगळं. कणीक लागणारच. तिच्याशिवाय वाजणार नाही. ताण हा असणारच, काम आहे तिथं. चूक लावण्यात नाही, न काढण्यात आहे. उद्या परत लागणार म्हणून आज अंगावर वाळवत ठेवायची नाही. बरोबर?”

 बुवांच्या चेहऱ्यावरचा भाव मला ओळखीचा होता. लहान मूल पाठ केलेलं सगळं न चुकता म्हणून दाखवतं तेव्हा ते असेच डोळे बारीक करायचे.

“आता मी ठरवलंय,” निवास म्हणाला. त्याला भलताच हुरूप आला होता. “आजपासूनच. घराच्या कोपऱ्यावर गाडी थांबवायची. डेपोचं जे काही असेल ते तिथंच झटकायचं. कितीही डोकं फिरलेलं असो, दारात शिरताना चेहरा हसरा. रोज. एक दिवस चुकणार नाही. आतून काहीही चाललेलं असू दे, ऋतुजाला काही म्हणता काही कळू द्यायचं नाही.”

“रोज?”

“रोज.”

“चेहरा हसरा.”

“हसरा.”

“म्हंजी घरी बी ड्यूटीच.”



मला हसायला यायला हवं होतं, पण आलं नाही. कारण आता निवासच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते पाहून हसणं शक्य नव्हतं. सगळा हुरूप एका श्वासात उतरला. तो मटकन खाली बसला. इतका दमलेला माणूस मी क्वचित पाहिलाय. आणि एक सांगतो, मघाच्या त्या ठाम चेहऱ्यापेक्षा हा चेहरा मला बरा वाटला. हा निदान त्याचा स्वतःचा होता.

“मग करू काय, बुवा?” तो म्हणाला.

बुवांनी पखवाजाला गवसणी घातली. नाडी बांधली. मग तो उचलून स्वतःच्या मागे, भिंतीशी ठेवला.

निवास घाबरला.

“ठेवून घेताय?”

“कातडं वलं हाय आजून. वाळू दे सावलीत. बिस्तरवारी भजनाला ये, तवा हितंच वाजीव.”

“गुरुवारी? म्हणजे… सोडायचा नाही?”

“सोडायचा त्यो सोड की. बिस्तरवारी येऊन सोड.”

निवासच्या डोळ्यांत पुन्हा पाणी आलं, पण या वेळी त्याच्यामागे हसूही होतं. तो उठला, बुवांच्या पायांवर डोकं ठेवलं. बुवांनी त्याच्या पाठीवर थाप मारली, ती मात्र सणसणीत. इतका वेळ न दिलेला धपाटा असावा तो. वाळकी कणीक कोणी सहजासहजी माफ करत नाही.

तो पायऱ्या उतरून चपला घालायला लागला. ऊन कलत होतं. नदीकडून गुरं परत येत होती आणि रस्त्यावर धूळ उठली होती. त्याच्या घरी आता ऋतुजा शाळेतून आली असेल, असं माझ्या मनात आलं. गुणगुणत असेल. चप्पल वाजेपर्यंत.

त्याच्या मनात तेच आलं असावं. चप्पल पायात सरकवता सरकवता तो थांबला.

“बुवा, घरी जाऊन तिच्याशी काय बोलू?”

“काय ते तुजं तुला सुचंल.”

“नाही सुचलं तर?”

“तर नको बोलू.”

“निदान पखवाज तरी न्यायला हवा होता. तिला वाजवायला हवं होतं तिच्या गाण्याला. आता काहीच नाही हातात.”

त्यानं दोन्ही हात पुढे केले. धुतलेले, स्वच्छ, रिकामे. ज्या हातांत दिवसभर शिट्टी, फोन आणि माइक असायचा, ते आता कुठे ठेवावेत हेही त्याला उमगत नव्हतं.

“असे मोकळे हात घेऊन जाऊन करू काय मी घरी?”

सिदोबुवांनी शेवटची शेंग फोडली. दाणे तोंडात टाकले, चावले.

“ते ऋतुजा ठरवंल.”